लव्हाळवाडीत कोणी नाही

वडरखेडा, ४ फेब्रुवारी १९४१

प्रिय आबाराव,

हे पत्र पाथरीला रामकिसनच्या दुकानी पाठवतो आहे. तुमची मेंढरं सध्या त्याच बाजूला आहेत असं कळलं. बाजाराला आलास की तो तुला देईल.

मी इथे महसुलाच्या गिरदावर साहेबांच्या ठाण्यावर कारकून आहे हे तुला ठाऊकच. आता मर्दुमशुमारीचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. घरोघर जायचं, दारावर गेरूने नंबर टाकायचा आणि माणसं किती, जात, धर्म, भाषा, धंदा असं सगळं लिहायचं. आपल्या एवढ्याशा सर्कलमध्ये किती तऱ्हेची माणसं राहतात ते मला आत्ता कळतंय. मराठे, लमाण, वडार, तेलंगी, पिंजारी, मारवाडी, शिवाय दोन रोहिले. काल एका वडाराला घरची भाषा विचारली तर म्हणाला, "बायको तेलगूत भांडते, मी मराठीत गप बसतो. काय लिवायचं ते लिवा."

कामाचं असं की या महिनाअखेर मी लव्हाळवाडीला येणार आहे. तेव्हा तुमच्यापैकी निदान चार घरं वाडीत हवीत. ज्या गावात माणूस सापडणार नाही ते बेचिराग म्हणून चढवायचं असा हुकूम आहे. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं, उजाड. एकदा तसं चढलं की वाडीचं गायरान, विहीर, सगळं सरकारच्या मर्जीवर. शाळेत एका सतरंजीवर बसलेल्या मित्राचं एवढं ऐक.

तुझा
भालचंद्र


गोदेकाठ, पाथरीजवळ, फेब्रुवारी १९४१

भाल्या, रामराम.

तुझं पत्र मिळालं. वाचून हसावं का बोंबलावं ते कळंना. चार घरं माघारी आणा म्हणतोस? अरे, इथं मेंढ्या विऊन राह्यल्या. एकेका बाईच्या पदरात दोन-दोन कोकरं हायत. कुणाला धाडू? तुझ्या साहेबाला सांग, दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन इकडं येतो, शेतकऱ्यांच्या वावरात बसवतो, अन् मिरगाच्या तोंडावर घरी जातो. माझा पणजाबी हेच करत होता. गाव उजाड न्हाई बाबा, गाव चरायला गेलंय. एवढंबी कळत न्हाई तर साहेब कशाचा झाला?

आई हाय वाडीत. म्हातारी एकटी बसून अकरा घरांवर नजर ठेवती. तिला बघून ये, बरं वाटंल तिला. पण तिला 'किती जण' असं बिलकुल इचारू नको. आमच्यात माणसं अन् मेंढरं मोजत न्हाईत, तुला माहीत हाय. कुणी इचारलं की 'कोणी न्हाई' म्हणायचं, बस. आई म्हणती मोजलं की नजर लागती. मी म्हणतो मोजलं की चराईचा कर लागतो. काही का असंना, तोंडातून आकडा काढायचा न्हाई.

तवा तू काही इचारू नको. तुला अकरा घरं माहीत हायत, घरातली तोंडं माहीत हायत. ओट्यावर बसून बराबर लिही अन् जा. एवढं तर करशील का न्हाई?

आबाराव


वडरखेडा, २ एप्रिल १९४१

प्रिय आबाराव,

तुला वाईट वाटेल म्हणून पत्र लांबवत होतो. लव्हाळवाडीला जाऊन आलो. तुझ्या आईला, कडूबाईंना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "इथं कोणी न्हाई." साहेब बरोबर होते. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? समोरच्याने तोंडाने सांगितलं तेच लिहायचं असा नियम आहे. मनाचं लिहिलं आणि उद्या तपासणी झाली तर नोकरी जाते.

वाडी बेचिराग चढली. पण हे नुसतं कागदावर आहे रे. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी होईल तेव्हा दुरुस्त करून घेऊ. तोवर कोण बघायला येतंय? कडूबाईंची तब्येत छान वाटली.

तुझा
भालचंद्र


लव्हाळवाडी, जून १९४१

भाल्या,

घरी आलो, मेंढरं वाड्यात कोंडली, अन् पहिलं आईला इचारलं. म्हणलं, भालचंद्र आल्ता का? ती म्हणती, न्हाई ब्वा. म्हणलं, माणसं मोजायला कोण आल्तं मंग? तर म्हणती, "एक टोपीवाला नदीच्या पल्याडच्या काठावरून वरडला, कोणी हाय का गं तिथं? मी म्हणलं, न्हाई बाबा कोणी. गेला निघून."

मी म्हणलं, आई, तो टोपीवाला भालचंद्रच होता. तर मलाच खुळ्यात काढून म्हणती, "भालचंद्र असता तर घरात आल्याबिगर राह्यला असता का?"

वाच पुन्हा. आल्याबिगर राह्यला असता का!

तू दुधना उतरलाच न्हाईस. फाल्गुनात दुधनेला पाणी किती असतंय रे? घोट्याएवढं. लेकरं खेळतेत त्यात. तुझं धोतर भिजलं असतं का? वर आणि मला लिहितोस, कडूबाईंची तब्येत छान वाटली. पल्याडच्या काठावरून तुला तब्येत दिसली व्हय? खोटं बोलायचं तर निदान माझ्या आईच्या तब्येतीवरून तर बोलू नको.

मी तुला लिहिलं होतं, इचारू नको, तू लिही. तू बराबर उलटं केलंस. नेमकं इचारलंस अन् लिहायचं ते लिहिलं न्हाईस. अन् साहेब, साहेब काय लावलंय? साहेबाला काय माहीत लव्हाळवाडी? माहीत तुला होती. तुझ्या भरवशावर मी गाव सोडून बिनघोर बसलो, मीच मूर्ख.

जा अन् ते बेचिराग खोडून ये. उद्या जा.

आबाराव


वडरखेडा, १९ नोव्हेंबर १९४१

प्रिय आबाराव,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मी काठावरूनच हाक मारली हे खरं आहे. ऊन झालं होतं, साहेब घाईत होते, पुढची गावं उरली होती. साहेब म्हणाले, "म्हातारी बोलली ना? चला." आणि मी निघालो. त्या वेळी त्यात एवढं काही आहे असं मला वाटलं नाही.

दुरुस्तीची दरखास्त लिहून वर पाठवली आहे. कागदांची मिसल तालुक्याहून जिल्ह्याला गेली आहे असं ऐकतो. इथल्या कारभाराची चाल तुला माहीत आहे. उत्तर आलं की लगेच कळवतो. तू रागावून राहू नकोस. कडूबाईंना नमस्कार सांग.

भालचंद्र


लव्हाळवाडी, जून १९४६

मेहरबान भालचंद्रराव, कारकून, गिरदावर ठाणे, वडरखेडा, यांस.

आई गेली.

चैत्रात पटकीची साथ आली तवा आम्ही गोदेकाठी होतो. सुई टोचणारा डॉक्टर आल्ता म्हणे. वडरखेड्यात टोचलं, लमाणांच्या तांड्यावर टोचलं, पल्याडच्या गावात घरोघर जाऊन टोचलं. लव्हाळवाडीला आला न्हाई. का आला न्हाई? तर लव्हाळवाडीत माणसंच न्हाईत. कुठं कुठं जायचं ते त्याला तुमच्या ठाण्यावरून सांगितलं होतं. मी तांड्यावर जाऊन इचारून आलोय, तवा आता साहेबाचं नाव पुढं करू नका.

तांड्यावरचे लमाण विहिरीवर पाण्याला आल्ते, त्यांना ती दारात पडलेली दिसली. त्यांनीच माती दिली. मी आलो तवा मातीवर गवत आल्तं.

युद्ध चालू होतं तवा सगळ्यांना धान्याचे कार्ड दिले, आम्हाला न्हाई दिले. तवाबी बेचिराग. मी गप बसलो. म्हणलं, आपण मेंढरांवाले, दूध हाय, लोकर हाय, मरत न्हाई. पण म्हातारी मरती, हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या. तुमच्या दरखास्तीचं काय झालं ते इचारत न्हाई. पाच वर्षांत तुम्ही कळवलं न्हाई, त्यातच समजलो.

सांत्वनाचं पत्र धाडू नका. आलं तर चुलीत घालणार हाय.

आबाराव


वडरखेडा, ११ जानेवारी १९४८

आबाराव,

तू धाडू नको म्हणालास म्हणून दीड वर्ष लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तोंडही नव्हतं मला. आज लिहितो आहे ते तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

दिवस फार वाईट आले आहेत. मी ज्या गावांत माणसं मोजली ती गावं आता ओळखू येत नाहीत. इथली कितीतरी हिंदू घरं कुलूप लावून संस्थानच्या सरहद्दीपलीकडे, हिंदुस्थानात चालली आहेत. आणि तिकडून, वऱ्हाडातून, जिवाच्या भीतीने घरदार सोडून आलेली मुसलमान कुटुंबं रोज उतरताहेत. त्यांना कुठे ठेवायचं म्हणून वरून विचारणा झाली. साहेब म्हणाले, बेचिराग गावं काढा. लव्हाळवाडी त्यात होती. सात कुटुंबं तिथे पाठवली, गायरानाचा पट्टाही त्यांना लिहून दिला.

मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. सध्या ठाण्यावर कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नाही. तू लगेच धावत येऊ नकोस. पावसाळ्याच्या तोंडावर येशील तेव्हा शांत डोक्याने ये.

भालचंद्र


लव्हाळवाडी, जुलै १९४८

भालचंद्रराव,

शांत डोक्यानं या म्हणता. तुमचं डोकं शांत हाय हो, तुमच्या घरात कोणी घुसलं न्हाई.

काठी घेऊनच गेलो. माझ्या ओट्यावर एक दाढीवाला बसून कापूस पिंजत होता. इमाम पिंजारी त्याचं नाव. मी म्हणलं, ऊठ, हे माझं घर हाय. तर तो उठून उभा राह्यला अन् हात जोडून म्हणतो, "दादा, आमाले सांगतलं गाव खाली हाये. खाली नसतं त आमी कायले आलो असतो?" मला वाटलं होतं उर्दू झाडंल, मंग मला भांडायला बरं पडंल. त्याची बोली आपल्यासारखीच निघाली. त्याचं घर कुणी जाळलं, तेबी त्यानं सांगितलं. मी इचारलं नव्हतं.

तरी काठी उगारली मी. खोटं कशाला सांगू? तेवढ्यात आमची कारभारीण आसराबाई मधी आली. म्हणती, "आधी ती काठी खाली ठेवा. त्याच्या बायकोच्या मांडीवर लेकरू हाय, दिसत न्हाई का?" जैतूनबी तिचं नाव. अन् विहिरीकडं गेलो तर विहीर उपसून साफ केलेली! धा वर्षांचा गाळ होता, आम्हाला कधी जमलं न्हाई. माझी आग अजून भडकली. माणसानं भांडायचं तरी कशावरून?

आता अकरा घरांत अठरा चुली पेटतात. रोज तंटा. आमची मेंढरं त्यांच्या कापसात शिरतात, त्यांच्या कोंबड्या आमच्या जोंधळ्यावर येतात. काल पाण्यावरून मी अन् इमाम एवढे भांडलो की दोघांचे घसे बसले. पण सांगून ठेवतो, माझा राग त्याच्यावर न्हाई. त्याला गाव खाली हाय म्हणून कुणी सांगितलं? तुम्ही. माझं गाव खाली कुणी केलं? तुम्हीच. आम्ही दोघं येड्यासारखे एकमेकांवर वरडून राह्यलो, अन् तुम्ही पल्याडच्या काठावर!

आबाराव


वडरखेडा, २५ ऑक्टोबर १९४८

प्रिय आबाराव,

राज्य बदललं. साहेब गेले, नवे साहेब आले, मी मात्र त्याच खुर्चीवर आहे. नव्या साहेबांनी गावोगावच्या वस्तीचा अहवाल मागितला आहे. कोणत्या गावात आता कोण राहतं, ते सगळं नव्याने चढणार. सात वर्षं मी या दिवसाची वाट बघत होतो.

तुला एकच करायचं आहे. वऱ्हाडची कुटुंबं सप्टेंबरात पळून गेली, लव्हाळवाडीत त्यांचं आता कोणी नाही, असं लिहून सही करून पाठव. गायरान, विहीर आणि अकराही घरं आठ दिवसांत तुमच्या नावावर करून देतो. बेचिराग शब्द मी माझ्या हाताने खोडीन. ती माणसं तिथेच आहेत असं लिहिलं तर चौकशी लागेल. त्यांच्याकडे पट्टा आहे, जमीन वादात पडेल आणि तू जन्मभर कचेरीच्या पायऱ्या चढत राहशील.

ती माणसं आज ना उद्या जाणारच आहेत. तू लिहून दिल्याने त्यांचं काही वाकडं होत नाही, नुसती कागदावरून कमी होतील. आबाराव, कडूबाईंच्या बाबतीत जे झालं ते मला झोपू देत नाही. मला एवढं करू दे.

तुझा
भालचंद्र


लव्हाळवाडी, नोव्हेंबर १९४८

भाल्या,

सात वर्षांनी तुला भाल्या म्हणून राह्यलो, ते मायेनं न्हाई. तळपायाची आग मस्तकाला गेली की तोंडात जुनंच नाव येतं.

पळून गेली? कोण पळून गेलं? हिंदुस्थानची फौज आली त्याच्या पाठोपाठ कुठली कुठली माणसं लाठ्या अन् घासलेट घेऊन सकाळच्या पारी दुधना उतरून आली. पाणी छातीएवढं होतं, पण त्यांना धोतराची फिकीर नव्हती. इमामची सगळी माणसं आम्ही मेंढरांच्या वाड्यात घातली. बायांना आसराबाईनं आपली लुगडी नेसवली, गड्यांच्या अंगावर घोंगड्या टाकल्या. इमामची दाढी शेजारच्या रखमाजीनं लोकर कातरायच्या कातरीनं कापली, हनवटी सोलून निघाली बिचाऱ्याची. त्या माणसांनी मला इचारलं, पिंजारी कुठं हायत? मी म्हणलं, इथं सगळी माझीच माणसं हायत. म्हणले, किती? म्हणलं, आमच्यात मोजत न्हाईत. मला चार लाठ्या बसल्या. डावा हात अजून वर होत न्हाई. पण गेली ती माणसं.

हे मोठेपणासाठी सांगत न्हाई. दुसऱ्याच दिवशी इमामची अन् माझी पाण्यावरून पुन्हा जुंपली. सांगतो ते एवढ्यासाठी, की कोणी पळून गेलं न्हाई.

अन् तू म्हणतोस लिहून दे, तिथं कोणी न्हाई. त्यांचं काही वाकडं होत न्हाई, नुसती कागदावरून कमी होतील. भाल्या, लाज कशी वाटत न्हाई रे तुला? माझी आई कागदावरून कमी झाली होती. तेवढंच झालं होतं तिचं. पुढच्या चैत्रात पटकी आली तर जैतूनबीच्या दारात सुईवाला कोण पाठवंल? मी सही केलेला कागद दाखवून तू त्याला म्हणशील, पुढं चला, इथं कोणी न्हाई. म्हणशीलच तू. तुला सवय हाय.

तुला आईचं झोपू देत न्हाई म्हणतोस. नको झोपू. माझ्या सहीवर झोप घ्यायला निघालास? ती मिळायची न्हाई.

आता माझंबी ऐक. हे पत्र लिहायच्या आधी तुझा कागद मी चार दिवस कमरेला बांधून फिरलो. सात वर्षं ज्या गायरानासाठी जीव जाळला ते सहीवर मिळत होतं. आसराबाईला सांगितलं तवा ती रडली. सांडू, माझा थोरला, तो तर म्हणला, दादा, करा सही, पिंजारी काय आपले सोयरे हायत का? जमीन वादात पडंल, मी पायऱ्या चढत मरीन, अन् सांडू मला शिव्या देईल. देऊ दे. माझाच मला राग येऊन राह्यला, तर त्यानं का देऊ नये?

पण सही करणार न्हाई.

नव्या साहेबाला वस्ती पाहिजे ना? मंग घे. आमच्यात कुणी कधी मोजली न्हाई ती मी मोजतो, नजर लागायची तर मला लागू दे. माझ्या घरात मी, आसराबाई, सांडू, त्याची बायको, धाकटी नंदा. रखमाजीच्या घरात सहा, त्याची सासू धरून. इमाम पिंजारी, जैतूनबी, तीन लेकरं, अन् चौथं पोटात हाय, तेबी लिही, तू येईस्तोवर बाहेर येईल. बाकीची घरं मी दारोदार हिंडून दाखवतो. एकेकाचं नाव मोठ्यानं सांगतो. इमामबी संगं राहील, त्याची माणसं तो सांगंल. पट्टा त्याच्याकडं हाय अन् वहिवाट माझी हाय, हेबी लिही. भांडण हाय तर भांडण लिही. पण माणसं हायत असं लिही.

सोमवारी ये. साहेबाला घेऊन ये न्हाईतर एकटा ये. नाव सुटलं तर तुला नदी उतरू देणार न्हाई.

अन् लिहून झालं की जेवायला थांबू नको. आसराबाई तुला ताट वाढील, तिचा जीवच तसा हाय. तू बसलास तर मी तुला पाटावरून उठवीन.

आबाराव